पोटावर मोठा व्रण राहील असा छेद देऊन मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
तापीमाई स्त्री रुग्णालय, जळगाव.

अर्जदार: सौ. कामिनी योगराज बोरसे, सासर ता. चोपडा, हल्ली मुक्काम माहेरी, बोदवड.

विषय: माझी दुसरी शस्त्रक्रिया दुर्बिणीने न करता पोट फाडून करणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र, "शस्त्रक्रियेनंतर आपल्या जीवनमानात काय फरक पडला ते कळवावे."

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, बाळंतपणात आत फाटून माझा मळ योनीमार्गातून येऊ लागला होता. वास येतो म्हणून सासरी माझे अंथरूण गोठ्यात टाकले. म्हशींनी तोंड फिरवले नाही, माणसांनी फिरवले. आपण दुर्बिणीतून ते छिद्र बंद केलेत आणि वर्षाने मी कोरड्या साडीत झोपले. त्या झोपेचे उपकार मी विसरणार नाही. फरक म्हणून एवढे जरूर लिहून घ्यावे.

पुढचा फरक असा. तीन महिने नवऱ्यापासून दूर राहा, असे आपण बजावले होते. परंतु पोटावर टिकलीएवढ्या तीनच खुणा. आमच्याकडे बाईला विसावा किती द्यायचा ते टाके बघून ठरते. जाऊबाई पुनम यांचे सिझर झाले तेव्हा गल्लीतल्या बायका टाके बघून हळहळल्या आणि सव्वा महिना त्यांना बसल्या जागी लाडू मिळाले. माझे पोट बघून सासूबाई धुरपदाबाई म्हणाल्या, "कथं शे वं ऑपरेशन? आठे ते नुसता डास चावेल शेतस." म्हणजे, ऑपरेशन कुठे आहे, इथे तर नुसते डास चावलेत. आणि त्याच दुपारी त्यांनी खोलीला बाहेरून कडी लावली. आत योगराज होते. मी नाही म्हटले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात बोळा कोंबला, पोटात लाथा घातल्या आणि हवे ते केले. आपण शिवलेले सारे उसवले. चौकीत गेले तर जमादार म्हणाले, मार कुठे दिसत नाही. आतला मार दाखवायला मी काय दुर्बीण घेऊन फिरू?

माझी लेक त्यांनी अडकवून ठेवली आहे, म्हणून मला परत जावेच लागेल. तरी विनंती की, या वेळी पोट वरपासून खालपर्यंत फाडावे व गोणी शिवतात तसे जाड काळ्या दोऱ्याने शिवावे. व्रण वाकडा झाला तरी माझी तक्रार नाही. तो बघून तरी त्यांचा हात थबकेल. दुखेल हे मला कळते. दुखण्याला मी भीत नाही, पुन्हा उसवण्याला भिते.

हे नियमात बसत नसेल तर तसे लेखी कळवावे. मग टाके योगराज यांच्या पोटावर पडतील, आणि ते सगळ्या गावाला दिसतील. आपल्याकडे पुरुष विभाग नाही, तेव्हा शेजारच्या रुग्णालयात एक खाट राखून ठेवण्यास सांगावे.

टाक्यांची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही) कामिनी बोरसे
बोदवड, दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१) डिस्चार्ज कार्ड (सासूबाईंनी चुलीत टाकले होते, अर्धे वाचले).
२) केळीचे घड कापायचा कोयता. धार लावून घेतली आहे. माझ्याजवळ लागतो, म्हणून जोडलेला नाही.