घरात काही बिघडेना

तीर्थरूप ताईस, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? (नसेल तर आता त्याला घरचाच समजा.) माझी तब्येत उत्तम. दुरुस्तीचं दुकान बंद करून घरी बसल्यापासून मला कुणी काही विचारत नाही, एवढंच. म्हणून नातीला हातातली विद्या द्यायचं मनावर घेतलं. तिच्या बापाला, म्हणजे आमच्या चिरंजिवांना, शिकवून एकदा पस्तावलोय. त्यांनी बल्ब बदलला तरी अख्ख्या गल्लीचे दिवे जायचे. पण पोरगी गुणाची.

पहिला धडा टेबलफॅनचा. माझी रीत तुला ठाऊक आहे, स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडायचे आणि त्या कागदाजवळ कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आम्ही चहाला उठलो आणि सूनबाईंनी (फार टापटिपीची बाई, कौतुकच आहे, पण देवा!) सगळे स्क्रू गोळा करून, घासूनपुसून, एका वाटीत भरून ठेवले. मग काय, जोडणी सगळी अंदाजपंचे दाहोदरसे. काही स्क्रू उरले, ते मी मुकाट्याने खिशात घातले. बटण दाबताच पंखा थरथरत चालायला लागला तो थेट जेवायला बसलेल्या चिरंजिवांच्या ताटात. पोरगी हसून हसून लोळली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या माझ्या खोलीत हजर! ताई, इतका आनंद मला दुकान उघडलं तेव्हाही झाला नव्हता.

मग तिने इस्त्री, दारावरची घंटी, बापाची सायकल सगळं सरळ केलं, आणि तिथेच घोटाळा झाला. घरात बिघडलेलं काही उरेना. एक दिवस म्हणाली, आजोबा, आता काय? मनात म्हटलं, ही यायची बंद झाली तर मी काय भिंतींशी बोलू? तेव्हा (हे तुझ्यामाझ्यात) मी गुपचूप इस्त्रीची वायर सैल केली. पण मीच तिला शिकवलं होतं ना, की उघडण्याआधी स्क्रूचं डोकं बघ, ताजा ओरखडा असेल तर नुकताच कुणाचा तरी हात फिरलाय. तिने स्क्रू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वायर घट्ट केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा मिक्सर फार घरघरतो म्हणे? लगेच पाठव.

आणखी ता. क. घरघरत नसेल तर भाऊजींना आतली एखादी वायर ओढायला सांग. मात्र ओरखडा उठता कामा नये.

आत्याआजी, मी नात लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. खरं सांगू? मला त्या स्क्रूंचा जाम कंटाळा येतो. पण काही बिघडलं नाही की आजोबा तोंड पाडून बसतात, धड जेवत नाहीत. म्हणून परवा समोरच्या काकूंचं शिलाई मशीन मीच बिघडवून आले. मिक्सर लवकर पाठवा. काकू आता मला घरात घेत नाहीत.