तीन रविवार

६ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा अर्धा वेळ कोण बोलतंय हे विचारण्यातच जातो, म्हणून लिहायला बसले.

इथे सगळं एकदम अंगावर आलंय. मोरीचा पाइप गळतो, खाली ठेवलेली बादली दर दोन तासांनी ओतावी लागते. धुलाई कारखान्यात मला चादरींवरून पडद्यांवर टाकलंय. पडद्यांची इस्त्री उभ्यानं, तीही आठ तास. घरी यावं तर सासूबाईंनी वाळलेले कपडे पुन्हा भिजत घातलेले असतात, म्हणे साबणाचा वास राहिलाय. नवरा गॅरेजमधून इंजिनाचे भाग आणून जेवायच्या टेबलावर मांडतो. ताटापुरती जागा मागितली की माझ्याकडे असं बघतो, जणू मीच ते इंजिन खोलून ठेवलंय. पिटुकलीचा उजवा कान वाहतोय. दुखत नाही म्हणते, पण उशीचा अभ्रा रोज धुवावा लागतो. हाक मारली तर ढिम्म.

काल दूध उतू गेलं. मी ओटा न पुसता जिन्यात जाऊन बसले आणि रडले. सहा वर्षांची पोर शोधत आली, तिच्यासमोर रडले. वाटतं, एक दिवस सरळ निघून जाईन. तू कसं निभावलंस सगळं?

गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो रागावून तरी दाखव.

तुझी
भिंगरी


१३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

जिन्यात बसून रडायचं असेल तर आधी जिना पुसून घेत जा. चाळीस वर्षं लोकांचे जिने पुसलेत, तिथे काय काय सांडलेलं असतं ते मला विचार.

निघून जाईन म्हणतेस. जा की. जिथे जाशील तिथे मोरी असेल.

आपल्या घरचा नियम विसरलीस वाटतं. ओट्यावर भिंतीला एक कागद लाव. ज्याचा त्रास होतो ते लिही, पुढे तारीख घाल. मग तीन रविवार त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. दर रविवारी कागद बघायचा, जे आपसूक मिटलं त्यावर काट मारायची. तिसऱ्या रविवारनंतरही उरेल तेच खरं दुखणं, बाकी सगळी कुरकुर. तुझी आई गेली त्या वर्षी मी तेरा गोष्टी लिहिल्या होत्या. उरली एकच, ती तू. सारखी खायला मागायचीस.

सासूला कपडे भिजवू दे. म्हातारीचे हात गुंतले की तोंड बंद राहतं, हे मी स्वतःवरून सांगते. नवऱ्याच्या इंजिनावर चादर टाक आणि तिच्यावर ताट ठेव. पोरीच्या कानात कापूस घाल. तुझाही वाहायचा लहानपणी, थांबला. राईचा पर्वत करू नकोस.

लोभाचं काय विचारतेस, तो असल्याशिवाय का एवढं लिहितेय?

तुझी
आजी


९ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

कागद लावला. अकरा ओळी झाल्या होत्या, आज चारच उरल्यात. पाइपला नवऱ्यानं त्याच्या गॅरेजमधली रबरी पट्टी बांधली, ती टिकली. पडद्यांची सवय झाली. इंजिनावर चादर टाकली तेव्हा सासूबाई पहिल्यांदा माझ्या बाजूनं हसल्या. पिटुकलीचा कान तिसऱ्या रविवारच्या आदल्याच दिवशी सुकला, त्यावरही काट मारली. खरं सांगते, हलकं वाटतंय.

कान मात्र परवापासून पुन्हा वाहतोय. पहिल्या ओळीवर काट असल्यामुळे ही नवी ओळ धरायची की जुनी, ते कळव. शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, पोरगी खिडकीकडे बघत बसते, विचारलेल्याचं उत्तर देत नाही. तेही लिहून ठेवलंय. हिला शिस्त लावायला मी कमी पडतेय का?

जशी आहे तशी गोड मानून घे.

तुझी
भिंगरी


१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बघ, म्हातारीचं ऐकलंस तर सुखी झालीस. शेजारणीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तीही आता कागद लावणार म्हणते. तिला अख्खी भिंत लागेल.

काट मारली ते संपलं. पुन्हा आलं तर नवं. तीन रविवार नव्यानं मोज.

पोरांना कामाला हाक मारली की ऐकू येत नाही, खाऊच्या डब्याचं झाकण वाजलं की तीन खोल्यांपलीकडून येतं. तुझे आजोबा तर जन्मभर असेच ऐकायचे. पोरीला दोन धपाटे घाल, मास्तरणीला एक नमस्कार घाल, आणि झोप काढ.

तुझी
आजी


४ एप्रिल

आजीस,

पिटुकलीला काल कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. घरून नेलं नव्हतं. शाळेच्या दारात मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवत होता, ती वळलीच नाही. ड्रायव्हरनं वेळेवर थांबवला. बाई तिला तशाच घेऊन गेल्या आणि मला कारखान्यात फोन केला.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. मला आठवेना. मग घरी येऊन कागद काढला आणि तो घेऊन परत गेले. कान चार वेळा लिहिलाय, आजी. चारही वेळा तारीख आहे, चारही वेळा काट. दर वेळी तिसऱ्या रविवारच्या आत सुकायचा आणि आठवड्यानं पुन्हा सुरू. डॉक्टरांनी कागद बराच वेळ बघितला. चारही तारखा फाइलीत उतरवून घेतल्या. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

सुकायचा म्हणजे बरा होत नव्हता. आत हाड खात होता. उजव्या कानानं आता तिला ऐकू येणार नाही. बावीस तारखेला ऑपरेशन आहे, ते ऐकू यावं म्हणून नाही, मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून. डावाही धरलाय. त्यातलं किती राहील, राहील की नाही, ते सांगू शकत नाहीत.

तुझ्या सांगण्यावरून मी तिला न ऐकल्याबद्दल मारलंय. ती रडली नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता कळतंय, ती ओठ बघत होती.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मला उत्तर पाठवू नकोस.

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

नको म्हणालीस तरी लिहितेय. हे शेवटचं ऐक.

तो नियम शहाणपणाचा नव्हता. मला सुट्टी फक्त रविवारी असायची. मधल्या वारी काही दुखलं खुपलं तर त्याचं करायला वेळच नसायचा, म्हणून रविवारवर ढकलायची. एक रविवार झोपेत जायचा, एक धुण्यात. तिसऱ्यापर्यंत जे मिटायचं त्याला मी मिटलं म्हणायची. पुढे लोक मला धीराची म्हणायला लागले आणि मी म्हणू दिलं. तुझा कान थांबला तो माझ्यामुळे नाही, नशिबानं. तेच नशीब मी तुला औषध म्हणून पाठवलं.

माफी मागत नाही. माफीनं कान येत नाही. तुलाही रडू नकोस असं सांगणार नाही, यापुढे तुला काहीच सांगायचं नाही असं ठरवलंय.

अठरा तारखेच्या दुपारच्या बसनं येतेय. तू कारखान्यातून रजा घे आणि पोरीजवळ राहा. भांडी, धुणं, तुझी सासू, सगळं माझ्याकडे. ती कपडे दहादा भिजवो, मी दहादा पिळीन.

ऑपरेशनला मधे चार दिवस मिळतात. तेवढे दिवस मला तिच्या डाव्या बाजूला बसू दे. मला गोष्टी येत नाहीत, गाणं तर नाहीच. जन्मभर ओरडण्याशिवाय आवाज कशाला वापरला नाही. पण जे काही आहे ते तिच्या कानात घालीन. नंतर कदाचित कुणाचंच जाणार नाही.

लोभ असू दे असं कुठल्या तोंडानं लिहू? दार तेवढं उघड.

आजी