गेणूची डावी पोटरी

९ जुलै १९३४, सोमवार. सकाळी ७.
काल मुंबईहून लोणावळ्याला घरी आलो. ॲनाटमीत दोनदा नापास झालो आणि दोन्ही वेळा एकाच जागी: गुडघ्यामागची लवण आणि तिच्याखालची पोटरी. बाकीचा माणूस मला पाठ आहे. ऑक्टोबरात तिसरी परीक्षा. नाना इथल्या स्टेशनात हेडक्लार्क. म्हणाले, आता शेवटची खेप, नाही जमलं तर डॉक्टरकीला रामराम, तिकीट कलेक्टरची जागा रिकामी होतेय, शब्द टाकून ठेवलाय. पोटच्या सव्वीस वर्षांच्या मुलाशी हे बोलणं? हॉस्टेलात गोंगाट होता म्हणून राहिलं सगळं. इथे हवा थंड, डोकं शांत. रोज पहाटे चारला उठणार, चार तास वाचणार. एका पायाला पुष्कळ झालं.

१० जुलै. सकाळी ९.३०.
आत्ता उठलो. ढगांमुळे पहाट झाल्याचं कळलंच नाही. उद्यापासून.

१३ जुलै.
पुस्तक सादळलं. नेमकी पोटरीची पानं चिकटली. सोडवायला गेलो तर अर्धं चित्र दुसऱ्या पानावर गेलं. इंदिरेनं पुस्तक चुलीजवळ वाळत ठेवलं. आता त्याला फोडणीचा वास येतो आणि वाचायला बसलं की भूक लागते. बायकोनं नवऱ्याच्या करिअरचा थोडा विचार करावा.

१६ जुलै.
आज डोक्यात प्रकाश पडला! पुस्तक हवंच कशाला? कुरवंड्याचा गेणू रोज दूध घालायला येतो. जाऊन येऊन आठ मैल चालतो. आज ओसरीवर पाठमोरा वाकून दूध मापत होता. धोतर गुडघ्यावर. पोटरी बघून मी थक्क झालो. दोन्ही गोळे वेगळे, मधली खाच स्वच्छ, टाचेवरची शीर दोरखंडासारखी. कॉलेजात दहा जणांत एक मढं मिळतं आणि पाय माझ्या वाट्याला येईपर्यंत चिंध्या झालेल्या असतात. इथे जिवंत माल दारात उभा. ठरलं. गेणूच्या पायावर सगळं रंगवून पाठ करायचं. स्नायू गेरूनं, व्हेन निळीनं, नर्व्ह हळदीनं. आर्टरीसाठी कुंकू मागितलं तर इंदिरा म्हणाली, पायाला कुंकू मुळीच देणार नाही. या घरात सायन्सला किंमत नाही. आर्टरीही गेरूचीच.

१७ जुलै.
गेणूला चटईवर पालथं घातलं. चहाच्या बोलीवर तयार झाला. उजवा पाय पुढे करत होता. म्हणाला, बाप्याचा उजवा पाय द्यायचा आस्तोय, डावा बायामान्साचा, आमचा वैदूबी उजवाच धरतोय. मी सांगितलं, खुळचट समजुती मी मानत नाही. आणि डाव्या पायावर खिडकीचा उजेड पडतो. डावाच घेतला. गेणू म्हणाला, तुमी शिकल्याली मान्सं, तुमास्नी काय सांगावं. तेच तर.
दोन्ही पाय सारखेच असतात. म्हणजे एक शिकला की दुसरा फुकट. निम्मा अभ्यास आत्ताच झाला.

१९ जुलै.
उत्तम प्रगती. लवण म्हणजे पतंगाच्या आकाराचा खड्डा. वर डावीकडे बायसेप्स, वर उजवीकडे सेमी नावाचे दोन भाऊ, खाली गॅस्ट्रोक्निमिअसची दोन डोकी. त्याच्याखाली सोलिअस. मध्ये प्लँटॅरिस नावाचा चिमुकला स्नायू, काही माणसांत तो नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही. जेवताना नानांना हे सांगितलं. म्हणाले, घरातही असा एक असतो. आई हसली. मी ताटावरून उठणार होतो, पण आमटी चांगली होती.
गेणू रंगवताना घोरतो. हात हलतो. सोलिअस वाकडा आला. दोष गेणूचा.

२६ जुलै.
भाताची लावणी ऐन रंगात. गेणू दुपारी चिखलात उभा राहतो, सगळे रंग धुऊन येतो. रोज नव्यानं काढावं लागतं. चिडचिड होते. पण आज तो एकदम खूश. दरवर्षी लावणीत त्याला रात्री पोटरीत गोळे येतात, या वर्षी नाहीत. म्हणाला, तुमच्या रेघांनी ग्वाळा पार पळाला बगा. मी म्हटलं, रोज तासभर पालथा पडून झोपतोस, म्हणून. ऐकेना. नागीण उठली की त्यांच्याकडे गेरूच्या रेघा ओढतात, तसंच हे असणार, असं त्याचं पक्कं मत. शिवाय हळद. दोन वर्षं मेडिकल शिकलेल्या माणसाला दूधवाल्यानं उपचार समजावून सांगावा!

३० जुलै.
दारात गेणूची चुलती कस्तुराबाई, झुंबरबाई आणि आणखी चार बायका. सगळ्यांच्या पोटऱ्या दुखतात. मी सांगितलं, हा दवाखाना नाही, अभ्यास आहे. कस्तुराबाई म्हणाली, आसूंद्या की बाबा, आमच्या पायावर करा अब्यास, आमी कुटं न्हाई म्हंतोय. आईनं डोळे वटारले, परक्या बायकांच्या पायाला हात लावायचा नाही. शेवटी इंदिरेनं रेघा ओढायच्या आणि मी पुस्तक धरून सांगायचं असं ठरलं. बायकांचे सगळे डावेच पाय. वा! रिव्हिजन आपोआप.

४ ऑगस्ट.
दत्तोबा नावाचा एक जण उजवी पोटरी घेऊन आला. डावी दे म्हटलं. देईना. म्हणाला, मी काय बाईमानूस हाय व्हय? मग जा म्हटलं. गेला. जाताना म्हणाला, ह्या डाक्टराला निम्मंच येतंय. असल्या लोकांमुळे देश मागे आहे.

१९ ऑगस्ट, रविवार.
सोळा बायका. पहाटे चारला उठणं शक्यच नाही, कारण यांच्यामुळे दुपारी झोप मिळत नाही. इंदिरेचा हात सराईत झाला आहे. मी सांगायच्या आधीच रेघ ओढते. आज मी व्हेनच्या वर आर्टरी सांगितली. ती म्हणाली, आधी नर्व्ह, मग व्हेन, आर्टरी सगळ्यांत खोल. पुस्तक उघडलं. मला तेच म्हणायचं होतं. तिला बजावलं की मध्ये बोललं की माझी लय तुटते. ती गप्प बसली. पण चेहरा गप्प नव्हता.

११ सप्टेंबर.
इंदिरा म्हणाली, एकदा उजवा पाय घेऊन बघा ना, सगळं उलटं येतं, मी माझ्याच पायावर पाहिलं. पाचवीपर्यंत शिकलेली मुलगी! तिला सांगितलं, फाउंडेशन पक्कं असलं की पाय कुठलाही चालतो. अजून महिना आहे. महिन्यात माणूस अख्खं शरीर शिकेल.

१४ ऑक्टोबर. रात्री मुंबईत.
परवा तोंडी. तयारी पूर्ण. नानांना पत्र टाकलं: जागेसाठी दुसरा माणूस बघायला सांगा.

१६ ऑक्टोबर, मंगळवार.
लिहायची इच्छा नाही. टेबलावर पाय. पालथा. उजवा. परीक्षक म्हणाले, बायसेप्स दाखवा. मी डावीकडे बोट ठेवलं. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. सेमी दाखवा. उजवीकडे. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, याच्या पायाचा अंगठा कुठे आहे. मला अंगठा दिसत होता, गेणूच्या उलट बाजूला. तरी मी तीन महिने जे म्हटलं तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. ते म्हणाले, बाहेर जाताना पुढच्याला पाठवा.
खोलीत आलो आणि रडलो. चांगला अर्धा तास. डॉक्टर व्हायचं होतं मला, खरंच व्हायचं होतं.
पेपर मात्र बरा गेला आहे. रिझल्ट लागेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही.

५ नोव्हेंबर.
रिझल्ट लागला. नापास. घरी सांगितलं. नाना रागावले असते तर भांडता आलं असतं. दुसरा माणूस बघायचं त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

१९ नोव्हेंबर, सोमवार. रात्री ९.
नोकरीचा पहिला दिवस. कोट खांद्यात घट्ट. दहा तास फाटकाशी उभा. माझी पहिली गाडी पुण्याची. उतारूंत कुरवंड्याची एक म्हातारी होती, तिकीट देताना तिनं मला डाक्टर म्हटलं. मी तिकीट घेतलं.
घरी आलो तर पाय उचलवेना. पलंगावर पालथा पडलो. इंदिरेनं विचारलं, नेमकं कुठे दुखतंय. मी सांगितलं, मागे कुठेतरी. तिनं दोन्ही पोटऱ्या अंगठ्यानं चाचपल्या, एका जागी दाबलं आणि मी ओरडलो. म्हणाली, सोलिअस आहे, उभं राहून राहून दुखतो.
पुस्तक काढून पाहिलं नाही. बरोबरच असणार.