हाक मारणाऱ्याची गोष्ट

आई, ते भुतांच्या गोष्टींचं पुस्तक अखेर सापडलं. नांदेडला, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, गाईडांच्या ढिगाखाली. नाव मला आठवत नव्हतंच. विहिरीच्या काठावर पाठमोरी उभी असलेली बाई, एवढंच डोळ्यांपुढं होतं, आणि पुठ्ठा हिरवा होता असं मी धरून चालले होते. निघाला निळा. फोनवरच्या वाचकांच्या ग्रुपात मी कितीदा विचारलं, हाक मारणाऱ्याची गोष्ट असलेलं पुस्तक कुणाला आठवतं का? लोक भलतीच नावं सांगायचे. घरातले म्हणाले, या वयात भुतं कशाला हवीत तुला?

अण्णांचे मावसभाऊ, अर्धापूरचे काका, आजारी आहेत. त्यांना इथं लातूरला मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय, आणि अण्णांनी मला न विचारताच सांगून टाकलं, पोरीकडंच राहा, बरं वाटेस्तोवर. माझी मुलगी चौथीत आहे. दुपारी ती शाळेतून येते तेव्हा घरी फक्त अण्णा असतात, आणि ते गाढ झोपलेले असतात. काका येणार हे ऐकलं आणि माझ्या ओठांची आग व्हायला लागली. खरंच, तिखट लागावं तशी.

उमरीचं आपलं घर. अण्णा सकाळच्या गाडीनं धर्माबादला आडतीवर गेलेले. तू स्वयंपाकघरात मिरच्यांची देठं खुडत बसलीयेस, पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलंय आणि मला वाचून दाखवतेयस. तो हाक मारणारा भर दुपारी येतो, घरचा कर्ता बाहेर असताना. आधी खाकरतो. हातात फळांची पिशवी असते, आवाज ओळखीचा असतो. ओ दिली की संपलं. तू थांबून माझ्याकडं बघायचीस. "आवाज कुणाचा का असंना, मी सांगितल्याबिगर कडी काढायची न्हाई. कळलं?" मी मान हलवायची.

आणि मग एका दुपारी खरंच कडी वाजते. बाहेर कुणीतरी खाकरतं. "पोरी, दार उघड. केळी आणल्यात बघ." मी उठते. तोंड उघडणार तेवढ्यात तुझा मिरचीचा हात माझ्या तोंडावर येतो, घट्ट. ओठ पेटतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, पण तू हात काढत नाहीस. दुसऱ्या हातानं तू विळी जवळ ओढतेस. पावलं भिंतीच्या कडेनं मागं जातात. मागचं दार हलतं, थांबतं, पुन्हा हलतं. तुझा श्वास माझ्या कानाशी आहे. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

अंधार पडायच्या आत तू दार उघडलंस. उंबऱ्यावरची केळी उचलून शेजारच्या म्हशीपुढं टाकलीस. "अण्णाला सांगू नको. त्याचं नाव घेतलं की ते परत येतंय."

मी नाव घेतलं नाही. पुढं मोठेपणी वाटायला लागलं, मीच ते पुस्तक आणि काका यांची सरमिसळ केली असेल. लहानपणीच्या भीतीवरून आजारी माणसाला दारातून कसं परत पाठवायचं? म्हणून मला ते पुस्तक हवं होतं. त्यात नक्की काय आहे ते बघायचं होतं.

येताना एसटीतच वाचलं. गोष्ट आहे त्यात. घाटातल्या वळणावर एक म्हातारी वाटसरूंना हाका मारते, आणि ओ देणारा तिच्या मागं दरीत जातो. एवढीच. घर नाही, दुपार नाही, खाकरणं नाही, फळांची पिशवी नाही. अहमदपूर येईस्तोवर मी ती पुन्हा पुन्हा वाचली. बाकीचं सगळं तू घातलं होतंस.

घरी आले, अण्णांना चहा दिला आणि म्हणाले, "काका इथं राहणार नाहीत."

"अगं, आजारी माणूस हाय तो. कुठं जाईल?"

"आईनं त्यांना दार उघडलं नव्हतं, अण्णा. मी तिथंच होते."

अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, चिडतील.

"मला बोलली होती ती," ते म्हणाले. "एकदाच. मी म्हणलो, पुस्तकं वाचून वाचून तुला जिथं तिथं भूतच दिसून राहिलंय."

मग त्यांनी स्वतःच फोन लावला. "इकडं येऊ नको," म्हणाले. पलीकडून का म्हणून विचारलं असावं. "न्हाई म्हणलो ना," एवढं बोलून ठेवला, आणि चहा तसाच टाकून आत गेले.

आई, हे पाठवायचं कुठं नाहीच, म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी त्या दुपारी तू मला वाचवलंस असंच धरून चालले. तू स्वतःसाठीही भीत होतीस का, त्याआधी कधी ते दार उघडलं गेलं होतं का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आज आलं. अण्णा आतल्या खोलीत जागे आहेत, आणि त्यांना विचारायला मी उठलेले नाही.