पिंपळाखाली ठेवलेला दत्त

आर. के. पुरम, नवी दिल्ली
माघ वद्य पंचमी

ती. इंदुताईस,
कुमुदचा वाकून नमस्कार.

तू पाठवलेलं मेतकूट आणि हळद पोचली. हळद सांगलीची ती सांगलीचीच, इथली नुसती रंगाला. आम्ही तिघं ठीक. थंडी ओसरली, पण यांचा खोकला ओसरत नाही. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा काळी, तर छातीत काय होत असेल. तुझे गुडघे कसे आहेत? जिना सारखा चढू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. ताई, दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. इथे कुजबुजलेलंही आतल्या खोलीत जातं, आणि आत वल्लरी असते.

वल्लरीच्या सायकलींचं तुला मागे सांगितलं होतं. आमच्या सेक्टरमागे तिचं कॉलेज, पण मेट्रोपासून चांगलंच लांब. आणि या क्वार्टरांत काय होतं, साहेबांची बदली झाली की सामान ट्रकमध्ये जातं आणि मुलांची सायकल जिन्याखाली गंजत राहते. वल्लरी आणि तिची मैत्रीण देविका घरोघर फिरल्या, अशा सायकली मागून आणल्या, दुरुस्त करून घेतल्या आणि कॉलेजच्या गेटबाहेर पिंपळाखाली स्टँड केला. मेट्रोला जाणाऱ्याने न्यायची, येणाऱ्याने परत आणायची. शेजारी तीन मोठे डबे ठेवले. एक कागदाचा, एक काचेचा, एक लाकूड-लोखंडाचा. सेक्टरमधले लोक आपलं भंगार त्यात आणून टाकत, आणि ते विकून सायकलींचे टायर, ब्रेक. त्याचा हिशेब मुलींनी माझ्याकडे दिला. मॅट्रिक झालेल्या बाईकडे कॉलेजचा हिशेब! यांना मोठी गंमत वाटली. लातूर-बीडकडची, परीक्षेच्या तयारीला आलेली मुलंसुद्धा सायकली न्यायची. एक जण म्हणाला, "काकू, रिक्षाचे वाचतात ते जेवणात जातात." मला बरं वाटलं होतं, ताई. खरंच बरं वाटलं होतं.

आता तू फोनवर विचारलंस त्याचं. "मी वाडीहून आणलेली दत्ताची तसबीर हॉलमध्येच आहे ना गं?" मी मच्छरांचं बोलायला लागले. तुझ्या लक्षात आलं असणार.

तसबीर दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून पडली. काच गेली, चौकट निखळली, आतला कागद कोपऱ्यात फाटला. भंगलेली मूर्ती-तसबीर घरात ठेवायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची, हे आईने आपल्याला शिकवलंच आहे. तुला कृष्णा दाराशी. इथे यमुना. यांच्या स्कूटरवर गेलो, तर पुलाला दोन्हीकडून उंच जाळी. थांबलो तशी पोलिसाने शिट्टी वाजवली. पिशवीतला दत्त तसाच परत आणला.

वल्लरीला विचारलं. ती म्हणाली, "आई, सिंपल आहे. काच काचेच्या डब्यात, फ्रेम लाकडाच्या, फोटो कागदात." तिचं चुकलं नाही. तिच्या परीने बरोबरच आहे ते. पण दत्ताचे तीन भाग करून तीन डब्यांत कसे टाकू? हात होईना. मी तिला हो म्हटलं आणि सकाळी ती उठायच्या आत तसबीर सांधून पिंपळाच्या बुंध्याशी टेकवून आले. इकडे सगळे तेच करतात. नुसती कशी ठेवायची, म्हणून हळदकुंकू लावलं, एक फूल वाहिलं. बस, एवढंच. वल्लरीला वाटलं, मी डब्यांत टाकलेली कुणीतरी काढून तिथे मांडली.

दुसऱ्या दिवशी शेजारी कुणाचे जुने लक्ष्मी-गणेश आले. मग शंकर. मग कुणी चबुतऱ्याला टाइल्स बसवल्या, घंटा टांगली. इकडे दत्त फारसे कुणाला ठाऊक नाहीत. नाव पडलं 'तीनमुखी बाबा'. तसबिरीत कुत्री आहेत म्हणून लोक कुत्र्यांना दूध-बिस्किटं घालायला लागले. आता तिथे कुत्र्यांचा कळपच आहे. सायकल हलली की अंगावर धावून येतात. देविकाच्या पिंढरीला एक कुत्रं चावलं, इंजेक्शनं घ्यावी लागली.

वल्लरीने अर्ज केले. कॉलेज म्हणतं, सायकली गेटच्या आत चालणार नाहीत. महापालिकेचा माणूस आला, त्याने चप्पल काढून आधी नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, भगवान को कौन हटाएगा? साइकिल हटा लो."

पौर्णिमेला तिथे आरती होती. मी भाजी घेऊन येत होते. बायकांनी मला ओढलंच. "आंटीजी, आप तो पूजा-पाठवाली हो, आपके हाथ से होगी." ताट हातात दिलं. समोर तुझा दत्त. समोरच्या फुटपाथवर वल्लरी, हातात सायकलींच्या किल्ल्या. मी आरती ओवाळली, ताई. पूर्ण ओवाळली. मध्येच थांबता येतं का?

घरी आल्यावर ती चिडली नाही. जवळ बसून म्हणाली, "आई, तुला मानतात ते. तू एकदा सांग ना, बाबा जरा बाजूला बसवा म्हणून. कुणी ठेवला ते कळलं असतं, तर मी त्याच्याच पाया पडले असते."

मी कणीक मळत राहिले.

यांना सगळं सांगितलं. हे म्हणतात, "तोंड उघडू नकोस. सरकारी नोकरी आहे, देवाधर्माची भानगड अंगाशी येईल." यांचंही खोटं नाही. आणि मी खरंच उचलायला गेले तर कुणाला उचलणार? लोक नवस बोलतात तिथे. एका बाईचा मुलगा बरा झाला म्हणे. मी अजून रोज सकाळी फूल वाहून येते. न वाहून कसं चालेल?

तू वाडीला गेलीस की गुरुजींना विचार. टाकलेला देव परत घरी आणायचा काही विधी असतो का? कुणी टाकला ते सांगू नकोस.

स्टँड काल उठला. सगळ्या सायकली आमच्याच जिन्याखाली आणून लावल्यात, उद्या भंगारवाला येतोय. वल्लरी देविकाकडे जाऊन बसणार आहे. जाता जाता म्हणाली, "मला बघवणार नाही. आई, तू दे. तुझ्या हातून गेल्या तर मला चालेल."

उत्तर यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर घाल. घरचं टपाल वल्लरी आणते.

तुझी,
जिला उद्या दार उघडायचं आहे ती,
कुमुद