पुस्तकात नसलेला शेवट

प्रिय दादा,

पाकीट बघून आधी वहिनीला हाक मारशील, हिचा फोन बिघडला का म्हणून. फोन ठणठणीत आहे. पण तब्येतीचं विचारलं की तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. कागदावर तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

मोठ्या बाईंनी आठवीच्या पूरक वाचनासाठी कादंबरी सुचवायला सांगितली, आणि मी छातीठोकपणे आपली ती होडीवाल्या भावांची सांगून मोकळी झाले. तीच रे, आई दवाखान्यात होती, मी कांजिण्यांनी अंथरुणात होते, आणि तू रोज वाचून दाखवायचास. शिकवायची तर पुन्हा वाचायला हवी, म्हणून रविवारी घेऊन बसले. कठीण शब्द काढ, प्रश्न काढ, अगदी बाईपणा चालला होता माझा.

आणि थोरला भाऊ परत आलाच नाही. धाकट्याचं औषध आणायला पुरात होडी घातली, आणि संपलं. मी पानं मागेपुढे केली. वाटलं, आवृत्ती बदलली असेल. मला तर लख्ख आठवत होतं: मग काय, आला की पठ्ठ्या धापा टाकत, चिंब भिजलेला, आणि आल्या आल्या म्हणतो काय, तर भूक लागलीय! अख्ख्या पुस्तकात 'तो उद्गारला', 'तो तत्क्षणी निघाला', आणि शेवटी तेवढं ते आपल्या घरातल्यासारखं बोलायला लागलं. हे मला इतक्या वर्षांत कळू नये? म्हणे मराठी शिकवते!

चौदा वर्षांचा होतास रे तू. पान समोर उघडं धरून, त्यावरचं मरण गिळून मला हसवत होतास. त्याच आठवड्यात आई गेली. तू कुठे जाऊन रडलास, मला आजही माहीत नाही. मी मात्र कितीतरी दिवस दाराशी बसायचे. थोरला आला तशी आईही येईल, असं मला अगदी खरं वाटायचं. तुझ्यावर राग नाही, दादा. पण ते वाट बघणं फार वाईट होतं.

शाळेत सगळे म्हणतात, पोरं रडतील, पालक भांडायला येतील, दुसरी घ्या. वर्गात एका मुलीचे वडील नुकतेच गेलेत. तिच्याशी सगळे कुजबुजतच बोलतात. मी ठरवलंय, हीच शिकवायची, शेवटासकट. रडली तर रडू दे. मी असेन ना तिथे.

आता खरं कारण. परवा फोनवर तू म्हणालास, 'प्रकृतीत समाधानकारक सुधारणा आहे.' तू! साध्या सर्दीलाही 'मेलो, मेलो' करून घर डोक्यावर घेणारा माणूस! असं पुस्तकी तू कधीपासून बोलायला लागलास? मी लगेच वहिनीला फोन लावला. शपथ घातली, तेव्हा तिने सांगितलं की डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. दादा, मी आता नऊ वर्षांची नाही. रजा टाकलीय, शनिवारी येतेय. मला रचून काही सांगू नकोस. आहे ते सांग, आणि रडायचं असेल तर या वेळी माझ्यासमोर रड.

तुझीच,
भुणभुण