पोटावरचा तांब्या

आई, तुझा तांब्या काही ओढत नव्हता. मॅट्रिकच्या वर्षी हे मी तुला चाळीतल्या बायकांसमोर ऐकवलं. तू नुकतीच गिरणीतून आली होतीस, केसांत कापसाचे तंतू तसेच. शेजारणीचं पोट दुखत होतं, म्हणून तिच्या बेंबीवर कणकेचा दिवा लावून त्यावर तू तांब्या पालथा घातलास. ज्योत विझली, तांब्या घट्ट बसला. "बगा, कसं दुकणं वडून घेतोय," तू म्हणालीस. आणि मी, चार दिवसांपूर्वी हवेचा दाब शिकलेला दीडशहाणा, मध्येच बोललो, "पोकळी कधी ओढत नसते. आतली हवा तापून विरळ होते, गार झाली की तिचा दाब कमी पडतो. मग बाहेरची हवा तांब्याला दाबून धरते. दुखणं-बिखणं काही निघत नाही." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तू एवढंच म्हणालीस, "आसंल बाबा. तू शिकलेला हायस." त्यानंतर तो तांब्या तू कुणाच्याच पोटावर लावला नाहीस, माझ्याही नाही.

शेवटच्या आजारात एकदाच मागितलंस, "लई दुकतंय रं, तांब्या लाव की." मी दवाखान्यातलं औषध पाजलं आणि तुला पुन्हा हवेचा दाब समजावत बसलो. तू भिंतीकडे तोंड केलंस.

आता शाळेत मी हाच धडा शिकवतो. भरल्या पेल्यावर कागद ठेवून तो उलटा धरतो, पाणी सांडत नाही, पोरं खूश होतात. घरी आलं की बोलायला कुणी नाही. काल रविवारी दुपारी पोटात कळ आली. कणीक भिजवली, दिवा केला, उताणा पडून बेंबीवर ठेवला. श्वासासरशी तो कलंडला, धोतर तेलात भिजलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. आपल्या पोटावर आपल्याला नाही गं जमत. शेजारी कुणीतरी बसावं लागतं. लहानपणी तू बसायचीस, तांब्या सुटेपर्यंत त्यावर हात ठेवून. "गप पड की, सुटंल आता," म्हणायचीस.

तिसऱ्यांदा मी दिवा लावलाच नाही. नुसता तांब्या पोटावर पालथा घातला, वर माझाच हात ठेवला आणि ऊन उतरेपर्यंत पडून राहिलो. आत-बाहेर दाब सारखाच होता, तांब्या कशानेच धरलेला नव्हता.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे, आणि तुला वाचता कुठे येत होतं! पण सांगतो, वर्गात कधी सांगणार नाही: दुखायचं थोडं थांबलं होतं.